वातानुकूलनाची विभागवार व्यवस्था आणि तिची निगा

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचा तपशील असतोच. त्या आकड्यांमागे राहून अहोरात्र काम करणाऱ्या एका यंत्रणेची ओळख आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांना करून द्यावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत. वातानुकूलन म्हणजे सुखसोय, असा समज सर्वत्र आढळतो. रुग्णालयात मात्र ते उपचाराचेच एक अंग असते, आणि त्यातील बिघाड अंदाजाने नव्हे, तर क्रमाने शोधावा लागतो.

एकच तापमान का चालत नाही?

शस्त्रक्रियागृहात तापमान २१ अंश सेल्सिअस, फार तर तीन अंश कमी-अधिक, आर्द्रता २० ते ६० टक्के आणि ताशी किमान २० वेळा हवापालट असावा, असे ‘एनएबीएच’ या राष्ट्रीय मान्यता मंडळाचे निकष सांगतात. याउलट नवजात बालकाच्या अंगातील ऊब झपाट्याने कमी होत असल्यामुळे प्रसूतिकक्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २५ ते २८ अंश तापमान सुचविले आहे. शस्त्रक्रियागृहातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवतात, जेणेकरून बाहेरची धूळ आत शिरू नये. क्षयरोगासारख्या आजारांच्या विलगीकरण कक्षात तो कमी ठेवतात, जेणेकरून जंतू बाहेर पडू नयेत.

एकाच छपराखाली अशा परस्परविरोधी गरजा भागवायच्या, तर प्रत्येक विभागाचे नियंत्रण वेगळे हवे. भिंतीवरील सेन्सर तापमान व आर्द्रता मोजतो. कंट्रोलर त्यानुसार थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आणि हवेच्या डक्टमधील डॅम्पर, म्हणजे झडप, कमी-अधिक उघडतो. या कल्पनेचे मूळ अमेरिकेतील एका शाळेत आहे. तेथे वर्गावर्गांत जाऊन शिपाई तापमान पाहत आणि तळघरातील झडपा हलवीत. वॉरन जॉन्सन या प्राध्यापकांनी त्यावर उपाय म्हणून विजेवर चालणारा थर्मोस्टॅट तयार केला आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट मिळविले.

कोकणात हीटर कशासाठी?

हा प्रश्न खर्चाचे अंदाजपत्रक पाहणारे हमखास विचारतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असते, तेव्हा दर घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. शस्त्रक्रियागृहात २१ अंशांवर ५५ टक्के आर्द्रता हवी असेल, तर ते सुमारे १० ग्रॅमवर आणावे लागते. त्यासाठी हवा १२ अंशांच्याही किंचित खाली थंड करून तिच्यातील पाणी गाळावे लागते. इतकी गार हवा खोलीत सोडता येत नाही. म्हणून तिला हीटरने पुन्हा थोडी ऊब देतात.

हा हीटर बंद पडला की खोली गारठते आणि कोणीतरी थर्मोस्टॅटचा आकडा वाढवितो. त्यासरशी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मिटतो, पाणी गाळण्याची क्रिया मंदावते आणि आर्द्रता वाढत जाते. पुढे भिंतींना ओल येते आणि बुरशीला वाव मिळतो. तक्रार गारठ्याची असली, तरी धोका ओलाव्याचा असतो. थर्मोस्टॅटला हात लावण्याआधी हीटर तपासणे, हाच येथे खरा उपाय.

तक्रार आली की

आमचे तंत्रज्ञ पुढील क्रम पाळतात.

१. सेन्सरशेजारी स्वतंत्र तापमापक व आर्द्रतामापक ठेवून तक्रारीची खातरजमा करावी. दोन आकडे जुळत नसतील, तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या जागेचा असतो. दुपारचे ऊन झेलणारी पश्चिमेची भिंत, दाराची बाजू, कपाटाची आड या जागा सेन्सरची दिशाभूल करतात.

२. तक्रार एका विभागाची की सर्वांची, हे पाहावे. सर्वत्र असेल तर मुख्य यंत्र, थंड पाणी वा वीजपुरवठा तपासावा. एकाच विभागात असेल तर तेथील व्हॉल्व्ह, डॅम्पर आणि वायरी. एकाच डक्टवरील दोन खोल्यांपैकी एकीचा डॅम्पर मिटून बसला, की दुसरीत जादा हवा जाते. तेव्हा तक्रार एका खोलीत आणि कारण शेजारच्या खोलीत, असेही घडते.

३. पडद्यावर डॅम्पर ‘उघडा’ दिसला, तरी तो प्रत्यक्ष हलला का, हे डोळ्यांनी पाहावे. खाऱ्या हवेने दांड्या गंजतात आणि वायरींच्या तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो. आज्ञा पोहोचते, पण काम होत नाही.

४. फिल्टर तुंबला आहे का, हे त्याच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरकावरून ठरवावे.

५. वीज गेली असल्यास कंट्रोलरचे घड्याळ व नेमून दिलेले आकडे पुन्हा तपासावेत. घड्याळ चुकले, तर रात्रीचे वेळापत्रक भर दिवसा लागू होऊ शकते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मुरूड, श्रीवर्धन परिसरातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. जनित्रावर रुग्णालय चालवावे लागणाऱ्या आपल्या भागात ही तपासणी नित्याचीच समजावी.

६. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि नोंदवहीत लिहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा आरंभापासून करावा लागतो.

आपल्याकडून अपेक्षा

रुग्णांच्या आप्तेष्टांना आमची विनंती आहे, की वातानुकूलित कक्षाचे दार उघडे ठेवू नये व खिडकी उघडू नये. वर सांगितलेली पावसाळी हवा २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला लागली, की तेथे पाणी साचते. हवेच्या जाळीवर टॉवेल वा कपडे वाळत घालू नयेत. फार गारठा वाटल्यास परिचारिकेला सांगावे.

देणगीदारांनी दिलेल्या यंत्रावर त्यांच्या नावाची पाटी लागते, आणि ते योग्यच आहे. फिल्टर, सेन्सर, गंज न धरणारे सुटे भाग आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाचे वेतन यांवर मात्र पाटी लावता येत नाही. तरीही, शस्त्रक्रियेच्या मेजावरील रुग्णाभोवतीची हवा शुद्ध व कोरडी राहते, ती याच खर्चामुळे. यंत्राच्या खरेदीइतकाच त्याच्या देखभालीलाही आपण हातभार लावावा, अशी नम्र विनंती आहे.