कान मोकळे असावेत

कॅरी हे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील टुमदार नगर. श्रीवेंकटेश्वराच्या मंदिरामुळे ते दूरदूरच्या हिंदूंना परिचित आहे. सायकलस्वारांना मात्र ते प्रिय आहे ते तेथील वनराजीतून जाणाऱ्या वाटांमुळे. बॉन्ड पार्कपासून ब्लॅक क्रीक ओढ्याच्या काठाने क्रॅबट्री सरोवरापर्यंत जाता येते. नगराच्या पश्चिम भागातून अमेरिकन टोबॅको ट्रेल जाते. डरहॅमच्या कारखान्यांकडे तंबाखू वाहून नेणाऱ्या जुन्या आगगाडीच्या मार्गावर ही २२ मैलांहून अधिक लांबीची वाट तयार झाली आहे.

अशा शांत वाटेवर कानांत भजन किंवा नाट्यगीत असावे, असा मोह कोणास होणार नाही? १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला आणि संगीत माणसाबरोबर रस्त्यावर चालू लागले. त्यात गैर काही नाही. परंतु सायकलीला बहुधा आरसा नसतो. पाठीमागचे जग स्वाराला कानांनीच कळते, हे विसरून चालत नाही.

उजवीकडचा ध्वनी उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात किंचित उशिरा पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तरीही मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. एकच कान मोकळा ठेवला, तर आवाज ऐकू येतो, पण तो कोठून आला हे नीट उमगत नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारी तर संथ गतीत जवळजवळ निःशब्द असतात. म्हणून ताशी ३० किलोमीटरपर्यंतच्या वेगात त्यांनी मुद्दाम आवाज केला पाहिजे, असा नियम अमेरिकेत करावा लागला. कान झाकून बसलेल्याला त्या आवाजाचा काय उपयोग?

कायदाही सर्वत्र सारखा नाही. कॅलिफोर्नियात दोन्ही कानांत हेडफोन घालून सायकल चालविण्यास मनाई आहे. नॉर्थ कॅरोलायनात २००१ सालापासून सोळा वर्षांखालील मुलांना शिरस्त्राण सक्तीचे आहे. हेडफोनविषयी मात्र राज्याच्या कायद्याने निर्बंध घातलेला नाही. तेथे ज्याचा त्यानेच विवेक करावयाचा.

मोटारींच्या रस्त्यावर व चौकात संगीत बंद असावे, हे उत्तम. वनवाटेवर ऐकावयाचेच असेल, तर कान न झाकता गालाच्या हाडातून ध्वनी पोहोचविणारी साधने मिळतात. तीही मंद आवाजात वापरावीत. कारण मन गाण्यात गुंतले, तर उघडा कानही ऐकत नाही. मागून येणारा स्वार ‘डावीकडून येतो’ अशी हाक देतो किंवा घंटी वाजवितो, ती ऐकू आलीच पाहिजे.

गिरमिटावर समुद्र ओलांडलेल्या पूर्वजांपैकी पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. ओवी, अभंग आणि मायबोली त्यांनी कानांवाटेच पुढल्या पिढीच्या स्वाधीन केली. त्यांच्या वंशजांना कानाचे मोल निराळे सांगावयास नको. भजन घरी परतल्यावरही ऐकता येते. आधी सुखरूप घरी परतले पाहिजे.