खोटे अवशेष, खरा तलाव: फुटाळ्यावरून सुरू झालेली बागांची गोष्ट

इयरफोन घरी राहिलेत? मग हा भाग वाचून काढा.

संध्याकाळी फुटाळ्यावर भुट्टा खात बसलं की वाटतं, हे पाणी इथं कायमचंच आहे. पण नाही. भोसल्यांच्या काळात माणसांनी बांध घालून ते अडवलं. आणि हीच गोष्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात महत्त्वाची ठरली. संगीत कारंजं आणि त्यासोबतच्या बांधकामाला विरोध करणारी याचिका होती. तलाव मानवनिर्मित आहे, त्यामुळे २०१७ च्या नियमांनुसार ती 'पाणथळ जागा' ठरत नाही, असं कोर्टानं म्हटलं.

नैसर्गिक की माणसानं केलेलं? अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातले जमीनदार ही रेघ मुद्दाम पुसायच्या मागे लागले होते. सरळ रस्ते, कातरलेली झुडपं, चौकोनी हौद हे सगळं त्यांना राजेशाहीच्या जबरदस्तीसारखं वाटायला लागलं. मग वळणाची वाट म्हणजे मोकळं मन, एकटं झाड म्हणजे विरह, पडकं मंदिर म्हणजे काळापुढं माणूस किती लहान, अशी एक भाषाच तयार झाली. पडकं देऊळ नसेल तर नवीनच बांधायचं, पण पडकं! (हो, खरंच. गवंड्याला काय सांगत असतील देव जाणे.)

फ्रान्समधल्या एर्मनोनव्हिलच्या बागेत तत्त्वज्ञानाचं एक मंदिर अर्धवट बांधून तसंच सोडलं, कारण ज्ञान कधी पूर्ण होत नाही. १७७८ मध्ये विचारवंत रूसो तिथंच वारला, आणि तळ्यातल्या पॉप्लरच्या बेटावर त्याला पुरलं. लोक यात्रेला जावं तसे तिथं जायचे. १७९४ मध्ये त्याचे अवशेष पॅरिसला नेले. रिकामी समाधी बेटावरच राहिली, आणि त्यामुळे ती बाग आणखीच उदास झाली.

आता दुसरी बाजू. इंग्लंडमध्ये हवेलीच्या खिडकीतून हिरवळ थेट क्षितिजापर्यंत दिसावी म्हणून कुंपणाऐवजी खोल चर खणायचे. गुरं चरात अडायची, मालकाला कुंपण दिसायचं नाही. त्या चराचं नाव होतं 'हा-हा'. विनोद नाही, तेच नाव आहे. सीमा आहे, पण लपवलेली. लॉर्ड मिल्टननं तर हवेलीजवळचं मिडल्टन हे अख्खं गाव पाडलं आणि लोकांना दूर नवीन गावात बसवलं. का, तर नजरेला निसर्ग हवा! गावाच्या जागी हिरवळ आली. त्या शांततेमागं विस्थापित घरं आहेत, हे बागेतलं कोणतंच प्रतीक सांगत नाही.

नागपूरच्या भोसलेकालीन बागा याच्या अगदी उलट वाटतात. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी. फुटाळ्याजवळच तेलंगखेडीची बाग आणि कल्याणेश्वराचं शिवमंदिर आहे. इथं पाणी माणसानं अडवलंय हे कोणी लपवलं नाही. पाणी, देऊळ, सावली, तिन्ही उघड. राजाची सत्ताही उघड, आणि ती १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केली. पुढं १८९४ मध्ये महाराजबागेत प्राणिसंग्रहालय सुरू झालं. नाव महाराजांचंच राहिलं, पण बाग लोकांची झाली, पोरांची झाली. आज तिचा कारभार अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे.

मला विचाराल तर 'मानवनिर्मित' हा शब्द फुटाळ्याला कमीपणा आणत नाही. युरोपातली ती 'नैसर्गिक' तळी तरी कुठं निसर्गाची होती? त्यातली कितीतरी ओढे अडवून केलेली, आणि आज तीच जपली जातात. तलाव कोणी केला याला कायद्यात एक अर्थ आहे. पण तो कोणासाठी ठेवायचा, कारंज्यासाठी की पाण्यासाठी, हे ठरवताना दोनशे वर्षांपूर्वी बांधावर माती टाकणाऱ्यांचाही विचार करावा लागेल. रविवारी जाल तेव्हा गर्दीतून थोडं बाजूला होऊन बांध कुठून सुरू होतो ते बघा.