होंड, तळे, तलाव

गेल्या श्रावणात माझ्या भाचीने मला एक प्रश्न विचारला. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. शाळेने परिसरातल्या पाण्याच्या जागांची यादी करायला सांगितली होती आणि तक्त्यात दोन रकाने आखून दिले होते : लेक आणि पाँड. "मामा, आपला सिद्धेश्वर तलाव कुठल्या रकान्यात लिहू?" मी म्हणालो, "लेकमध्ये." "का?" "मोठा आहे म्हणून." "किती मोठा झाला की लेक होतो?"

इथे मामा गप्प झाला. माझे शिक्षण बी.कॉम. आणि पोट यंत्रमाग कारखान्याच्या हिशेबावर. पाण्याच्या जागांचा नाद गेली वीस-बावीस वर्षे आहे, तो कुणी शिकवलेला नाही. रविवारी मोटारसायकल काढायची, एखादे गाव गाठायचे, तिथल्या पाण्याला काय म्हणतात ते म्हाताऱ्या माणसांना विचारायचे आणि वहीत लिहायचे. तरीही भाचीच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मग शोधत बसलो.

पहिला धक्का असा की आकाराची सर्वमान्य रेषा कुठेच नाही. इराणमधल्या रामसर गावी १९७१ मध्ये पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या वर्गवारीत आठ हेक्टर, म्हणजे साधारण वीस एकर, ही सीमा धरली आहे. वीस एकरांच्या वर सरोवर, खाली तळे. ब्रिटनमध्ये तळ्यांचा अभ्यास करणारे लोक दोन हेक्टरांवर थांबतात. दोन्ही आकडे कामाच्या सोयीसाठी ठरवले आहेत. एकोणीस एकरांच्या पाण्यात आणखी एक एकर भर पडली म्हणून त्यातल्या बेडकाच्या आयुष्यात काही फरक पडत नाही.

शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे, म्हणून ते खोलीकडे वळतात. सरोवरांच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप दिले ते स्वित्झर्लंडच्या एफ. ए. फोरेल यांनी. जिनिव्हाच्या सरोवरावर त्यांनी तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्याचा पहिला खंड १८९२ चा. ते सरोवर तीनशे मीटरांहून खोल आहे. अशा पाण्यात दोन गोष्टी घडतात. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे खालचा थर कायम अंधारात असतो आणि तिथे मूळ धरून वनस्पती वाढू शकत नाही. शिवाय उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड व जड राहते, आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थराला मग हवा मिळत नाही, तिथला प्राणवायू संपत जातो. थंडीत वरचे पाणी गार होऊन खाली बसू लागले की सगळे पुन्हा ढवळले जाते. उथळ तळ्यात असे थर फार वेळ टिकत नाहीत. दुपारी थोडे पडले तरी रात्रीचा गारवा आणि वारा ते मोडतात. प्रकाश तळाला लागतो, म्हणून या काठापासून त्या काठापर्यंत कुठेही वनस्पती रुजू शकते. थोडक्यात, ज्याच्या पोटात अंधार आहे ते सरोवर आणि ज्याच्या तळाला ऊन लागते ते तळे. मला ही व्याख्या फार आवडली. आठवडाभर ती मी भेटेल त्याला ऐकवत होतो.

मग ती तपासायची हुक्की आली. पाण्यात प्रकाश किती खोल जातो हे पाहायची एक जुनी, सोपी रीत आहे. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ती वापरली : पांढरी तबकडी दोरीला बांधून सोडायची आणि ती दिसेनाशी होईल तिथे दोरीला खूण करायची. प्रकाश त्याच्या दोन-तीन पट खोल जातो असे ढोबळमानाने धरतात. मी एका जुन्या स्टीलच्या ताटाला पांढरा रंग दिला, मध्ये भोक पाडून दोरी ओवली, खाली वजनाचे माप बांधले आणि हिप्परग्याला गेलो.

सरकारी कागदावर त्याचे नाव एकरुख तलाव, लोकांच्या तोंडी हिप्परगा. सोलापूरच्या उत्तरेला, आदिला नदीवर, १८७१ मध्ये पुरा झालेला मातीचा बांध. लांबी सुमारे २३६० मीटर, उंची एकवीस मीटरांहून थोडी जास्त. मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने मला तराफ्यावर घेतले. भाद्रपद होता, नुकताच मोठा पाऊस होऊन गेलेला. ताट हातभर खाली गेले आणि दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी हौसेने गावाबाहेरच्या एका डबक्यात तोच प्रयोग केला. तिथे कमरेएवढ्या पाण्यात ताट वीतभर खालीच गडप! म्हणजे युरोपातली ती सुंदर व्याख्या लावली तर आमच्या काळ्या मातीतले म्हशी डुंबायचे डबकेसुद्धा पावसाळ्यात सरोवर ठरते. काळ्या रानातली बारीक माती पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहते आणि प्रकाश अडवते. यात शास्त्राचा दोष नाही. ती व्याख्या हिमनद्यांनी कोरलेल्या, थंड, नितळ पाण्यांकडे पाहून सुचलेली आहे.

आपल्याकडे तसे पाणी मुळात नाही. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवर शोधायला गेलो तर ठळक नाव एकच, लोणार, आणि तेही आकाशातून आदळलेल्या उल्केने बेसाल्टात पाडलेल्या खड्ड्यातले खारे पाणी. बाकी आपल्या भागात जे काही साठलेले दिसते ते कुणीतरी माती उचलून, कुठेतरी बांध घालून अडवलेले आहे. सोलापुरात वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः पावसाळ्यात. उलट उघड्या पाण्यावरून वर्षाला वाफ होऊन जाते ती दोन मीटरच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हा माझा हिशेबनीस जागा झाला. आश्विनात एखादे तळे पुरुषभर भरले, तर माणसाने, जनावराने एक थेंबही न घेता पुढच्या ज्येष्ठापर्यंत त्यातले बहुतेक पाणी ऊनच पिऊन टाकणार. जे त्याहून दोन-तीन पुरुष खोल आहे त्याच्यातच मृगाच्या तोंडावर पाणी उरणार. सोलापूरपुरती माझी व्याख्या म्हणून अशी आहे : मृगापर्यंत पुरतो तो तलाव, मृगाआधी आटते ते तळे. एकरी, हेक्टरी हिशेब याच्यापुढे मला दुय्यम वाटतो. दुष्काळी वर्षांत हिप्परग्याचाही बराचसा तळ उघडा पडलेला मी पाहिला आहे. अशा वर्षी त्याला तळे म्हणावे लागेल, तर म्हणू.

माझ्या वहीतल्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र व्याख्या कधीच केली नव्हती, त्यांच्याकडे शब्द होते. सोलापूर हे तीन भाषांचे गाव. मराठीत तळे, तलाव, कुंड, डोह, डबके. कन्नड बोलणारे मोठ्या, बांध घातलेल्या पाण्याला 'केरे' म्हणतात, खणलेल्या लहान पाण्याला 'होंड'. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू चालते. तिथे शेती भिजवणारा मोठा तलाव तो 'चेरुवू' आणि धाकटा तो 'कुंट'. कन्नडमधला 'कट्टे' हा शब्द तर बांधालाही चालतो, बसायच्या ओट्यालाही आणि लहान तलावालाही. गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा होतो तो संमती कट्टा आपण रोजच्या बोलण्यात घेतो. मराठीतही नीट पाहा : उजनीला आपण 'धरण' म्हणतो, हिप्परग्याला 'तलाव'. एकात नाव भिंतीचे, दुसऱ्यात पाण्याचे. उजनी 'मायनसमध्ये' गेली हे वाक्य आमच्याकडे दर उन्हाळ्यात पेपरात असते. तलाव मायनसमध्ये गेल्याचे मी ऐकलेले नाही, तो आटतो.

इंग्रज तरी नेमका असेल असे वाटले होते. त्याच्या दप्तरात एकरुखचे नाव आहे 'एकरुक टँक'. पण पुण्याकडे गेलो की खडकवासल्याचे पाणी 'लेक फाईफ', भाटघरचे 'लेक व्हाइटिंग', भंडारदऱ्याचे 'आर्थर लेक'. तीनही माणसांनी अडवलेली पाणीच. साहेबाचे नाव द्यायचे तिथे लेक आणि गावाचे नाव ठेवायचे तिथे टँक, एवढाच नियम मला त्यात दिसतो. तो टँक शब्दही आपल्या 'टाके'वरून गेला की पोर्तुगिजांच्या 'तांक'वरून, यावर वाद आहे.

सिद्धेश्वर तलावाकडे परत येतो. बाराव्या शतकात सिद्धरामांनी आपल्या अनुयायांसह तो खणला. कन्नड साहित्यात सोलापूर 'सोन्नलिगे' या नावाने येते आणि राघवांकाने सिद्धरामांवर काव्य लिहिले आहे. 'शून्यसंपादने' या ग्रंथात एक प्रसंग आहे. तलावाचे काम चालू असताना अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी विचारले, तो वड्ड सिद्धराम कुठे आहे? वड्ड म्हणजे माती-दगडाचे काम करणारा, आपल्याकडचा वडार. गुरूला असे हिणवलेले ऐकून कामावरचे लोक चिडले आणि अल्लमांवर दगड घेऊन धावले. पुढे दोघांचा संवाद होतो, अल्लम त्यांना बाहेरच्या कामातून आतल्या साधनेकडे वळवतात, आणि ग्रंथाचा कल तिकडेच आहे. मला मात्र तो 'वड्ड' शब्द सोडवत नाही. कर्नाटकातला भोवी-वड्डर समाज आजही सिद्धरामेश्वरांना आपले मानतो. ज्या शब्दाने कमी लेखले, त्याच शब्दाच्या लोकांनी त्यांना जवळ केले. देऊळ पाण्यात, शेजारी भुईकोट, आणि या सगळ्याखाली टोपल्यांनी उचललेली माती.

आता हे सगळे एका माणसाचा नाद म्हणून सोडून देता आले असते. पण कुठल्या पाण्याला काय म्हणायचे, यावर त्याला कायद्याचे छत्र मिळणार की नाही हे ठरते. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून नदीचे पात्र आणि भातखाचरे वगळली आहेत, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव वगळले आहेत, आणि मत्स्यपालन, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचनाही. सोलापूर जिल्ह्यात ही चाळणी लावून पाहा, वर काय उरते! आमच्याकडे जो-तो तलाव कशासाठी तरी बांधलेलाच आहे. २०२३ मध्ये देशातली पहिली जलसाठा गणना प्रसिद्ध झाली. तीत २४ लाख २४ हजारांवर साठे मोजले गेले, महाराष्ट्रात ९७,०६२. देशातल्या साठ्यांपैकी ५९.५ टक्के तळी आणि सरोवरे शेकडा एकसुद्धा नाहीत, ०.९ टक्के. मोठ्या नावाची पाणी मूठभर, आणि बहुसंख्य पाणी लहान नावाची. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात गावतळी ही समाजाची संपत्ती आहे असे सांगून त्यांना संरक्षण दिले, हे खरे. पण त्यासाठी ते तळे कागदावर तळे म्हणून असावे लागते.

माझ्या आईचे माहेर अक्कलकोट तालुक्यातले. गावात घराघरांत कन्नड बोलतात, कागद मराठीत असतात. गावाच्या खालच्या अंगाला एक पाणी आहे. पाऊण एकर भरेल, बांध नाही, एका बाजूला दगडी पायऱ्या. बायका त्याला 'होंड' म्हणतात. लहानपणी मामीबरोबर मी तिथे धुणे घेऊन गेलो आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे मुरूम पडू लागला. मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी कागद काढून शांतपणे दाखवले : तलाव म्हणून नोंद नाही, तळे म्हणूनही नाही. पोटखराबा, आणि शेऱ्यात 'खड्डा'. "खड्डा बुजवला तर तुमची हरकत काय?"

घरी येताना सोलापूरपर्यंत मला उमजत नव्हते, मग उमजले. होंड या कन्नड शब्दाचा अर्थ तळेही होतो आणि खड्डाही. कधीकाळी मोजणीला आलेल्या कुणा मराठी माणसाने गावकऱ्यांना विचारले असेल, हे काय? उत्तर मिळाले, होंड. त्याने कोणाशी तरी बोलून भाषांतर केले आणि दोनपैकी चुकीचा अर्थ उचलला. हा माझा तर्क आहे, पण याहून पटणारा दुसरा मला सापडलेला नाही. सीमेपलीकडे कर्नाटकात सरकारी योजनेतून खणलेल्या शेततळ्याला म्हणतातच 'कृषी होंड'. अलीकडे 'मागेल त्याला शेततळे' म्हणून आपण तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल असे खणायला अनुदान दिले. प्लास्टिकचा कागद अंथरलेले, पुष्कळदा बोअरचे पाणी उपसून भरलेले. त्याला कागदावर तळे म्हटले जाते, आणि जिच्या पोटात जिवंत झरा आहे ती जागा खड्डा.

मी अर्ज केला. सोबत जुन्या नकाशाची प्रत, गावातल्या तीन वृद्ध बायकांचे मराठीत लिहून घेतलेले आणि अंगठा घेतलेले निवेदन, कृषी होंड योजनेचे एक कन्नड पत्रक आणि चार फोटो जोडले. एक फोटो जूनच्या तीन तारखेचा आहे, मृगाला चार-पाच दिवस उरलेले असतानाचा. त्यात सर्वांत खालच्या दोन पायऱ्या पाण्यात बुडालेल्या दिसतात. अर्ज लिहिताना 'तळे' हा शब्द खोडून मी 'तलाव' केला.

भाचीने तक्त्यात सिद्धेश्वर तलाव लेकमध्ये लिहिला आणि होंड कुठेच लिहिले नाही, कारण बाईंनी सोलापूर शहरापुरतेच सांगितले होते. अर्जाची पोहोच माझ्याकडे आहे. त्यानंतर होंडात मुरमाचे आणखी चार टिपर पडले. पायऱ्यांची बाजू अजून मोकळी आहे.