बिनविम्याचे वाहन आणि अपघातग्रस्ताचा हक्क

चिखली-खामगाव मार्गावरील अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्यातील मोठे गाव. बल्लाळदेवीच्या दर्शनासाठी येणारे भाविक, बाजारासाठी येणारे शेतकरी आणि शाळकरी मुले यांची येथे सदैव ये-जा असते. मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि मालवाहू गाडी ही आज अशा प्रत्येक गावाची गरज झाली आहे. तथापि, यांपैकी एखाद्या वाहनाने कोणास धडक दिली आणि त्या वाहनाचा विमाच नसल्याचे उघड झाले, तर जखमीच्या कुटुंबाने काय करावे? "विमा नाही, म्हणजे भरपाई नाही" अशी समजूत खेड्यापाड्यांत रूढ आहे. ती चुकीची असून तिच्यामुळे अनेकांचा हक्क बुडतो.

कायदा काय सांगतो?

त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी वाहनाचा विमा उतरविणे आपल्या देशात १९४६ पासून सक्तीचे आहे. आज ही सक्ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये लागू आहे. तिचा भंग करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदमच घ्यावा लागतो. ही मुदत संपल्यावर नूतनीकरण राहून जाते आणि वाहन बिनविम्याचे फिरू लागते.

विमा नसल्याने भरपाईचे दायित्व संपत नाही. ते चालक व मालक यांच्यावर येते. येथे मालक म्हणजे परिवहन विभागाच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे ती व्यक्ती, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. जुनी मोटारसायकल केवळ कोऱ्या कागदावर सही करून विकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. नोंदणी नावावरून उतरली नसेल, तर वाहन कोणाच्याही हाती असले तरी भरपाईचा बोजा मूळ मालकावर येऊ शकतो.

दावा कोठे व केव्हा?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची व्यवस्था १९५६ च्या दुरुस्तीने अस्तित्वात आली. अपघाताचे ठिकाण, अर्जदाराचे निवासस्थान किंवा प्रतिवादीचे निवासस्थान यांपैकी कोठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे कलम १६६ अन्वये अर्ज करता येतो. त्यामुळे परगावच्या वाहनाने अपघात केला असला, तरी अमडापूरच्या रहिवाशास त्या गावी जाण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या तरतुदीनुसार हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा असतो. तडजोडीच्या बोलण्यांत ही मुदत घालवू नये.

कलम १६६ खालील दाव्यात वाहनचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. कलम १६४ खाली दोष सिद्ध करण्याची गरज नसून मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. कोणता मार्ग धरावा, हे विधिज्ञाच्या सल्ल्याने ठरवावे.

पहिल्या काही दिवसांतील कामे

पोलीस ठाण्यात प्रथम माहिती अहवाल नोंदविणे आणि घटनास्थळाचा पंचनामा करविणे ही पहिली पायरी होय. वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव व साक्षीदार यांची नोंद तेव्हाच घ्यावी. दवाखान्याची कागदपत्रे, औषधांच्या पावत्या, मृत्यू झाल्यास शवविच्छेदन अहवाल आणि उत्पन्नाचा पुरावा जपून ठेवावा. जखमीस मदत करणाऱ्या सद्हेतू नागरिकास कलम १३४-अ चे संरक्षण आहे, म्हणून कोणी मागे राहू नये. २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्तास निर्देशित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे जप्त वाहन. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार बिनविम्याचे अपघाती वाहन मालकाने पुरेशी हमी दिल्याखेरीज सोडता येत नाही. हमी न दिल्यास, जप्तीपासून तीन महिन्यांनी दंडाधिकाऱ्यांनी त्याचा जाहीर लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करावयाची असते. वाहन परत देण्याचा अर्ज आला आहे काय, याकडे अर्जदाराने लक्ष ठेवून आपली हरकत वेळीच नोंदवावी.

रक्कम कशी ठरते व वसूल होते?

उदाहरणार्थ, दरमहा १२,००० रुपये मिळविणारा ३५ वर्षांचा मजूर चार अवलंबितांना मागे ठेवून मृत्यू पावला असे समजू. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ मध्ये घालून दिलेल्या सूत्रानुसार भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवून १६,८०० रुपये होतात. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १२,६०० रुपये उरतात. वर्षाचे १,५१,२०० रुपये, आणि त्यास वयानुसार १६ ने गुणता २४,१९,२०० रुपये होतात. अंत्यविधी इत्यादी बाबींची रक्कम यावर वेगळी मिळते.

मालकाने निवाड्याची रक्कम न भरल्यास न्यायाधिकरण कलम १७४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांस वसुलीचे प्रमाणपत्र देऊ शकते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. मालकाची ऐपतच नसेल, तर मात्र वसुली कठीण ठरते. म्हणूनच जप्त वाहनाचे महत्त्व अधिक आहे.

धडक देऊन वाहन पळून गेले व ते ओळखताच आले नाही, तर मार्ग निराळा आहे. अशा वेळी उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावा. मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये देण्याची तरतूद आहे.

ग्रामपंचायतीचे कार्य

महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती यांच्यामार्फत विनामूल्य वकील मिळतो. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, सहा महिन्यांची मुदत ग्रामसभेत सांगणे आणि शोकात बुडालेल्या घरास कागद जमविण्यास हात देणे, एवढे कार्य सरपंच, सदस्य व शिक्षक सहज करू शकतील. त्याचबरोबर गावातील प्रत्येक वाहनधारकाने आपल्या विम्याची अखेरची तारीख आजच पाहून घ्यावी. विम्याचा हप्ता चुकविणारा मालक काही रुपये वाचवितो, परंतु एका क्षणाच्या अपघाताने त्याचे स्वतःचे शेतघर आणि दुसऱ्याचा संसार ही दोन्ही संकटात येतात.