भोक नको, चिखल द्या! दिंडोशीच्या गॅलरीत वेखंड

कुंडीत पाणी जास्त झालं की काय होतं? मुळं सडतात, पानं पिवळी पडतात, झाडाचा निकाल! पण एक पठ्ठ्या असा आहे की त्याला चिखलात बुडवा, तो खूशच. वेखंड! होय, बाळघुटीतलं, सहाणेवर उगाळायचं तेच.

माहीत आहे का? मूळचं हे दलदलीतलं. म्हणजे दिंडोशीच्या पावसाळ्यासाठी एकदम फिट! मृणाल गोरेंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नागरी निवारा वसाहतीपासून डोंगराकडच्या टॉवरपर्यंत, जिथे गॅलरी आहे तिथे जुनी बादली असणारच. तळाला भोक नसलेली? बेस्ट! त्यात चिकण माती, मूठभर शेणखत. कोंब वर येईल असा गड्डा आडवा ठेवा, वरून पातळ मातीची चादर. ऊन हवंच. पाणी मात्र मातीच्या पातळीपर्यंतच. वर डबकं साचलं तर डेंग्यूच्या डासांना आयतं घर! डबकं ठेवायचंच असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. महापालिकासुद्धा विहिरींत हेच सोडते.

आता खानदान बघा. वेखंडाला पूर्वी अळूच्या कुळात धरत. पुढे डीएनए तपासला आणि काय, हा तर वेगळाच निघाला! तांदूळ, ऊस, केळं, नारळ, आलं, ऑर्किड या सगळ्या एकदल वनस्पती. त्यांच्या वंशवृक्षात सगळ्यात आधी फुटलेली आणि आजवर टिकलेली फांदी वेखंडाची. तुमच्या बादलीत चक्क पणजोबांच्या पिढीचा चुलता!

युरोपची स्वारी ऐका. १५७४ साली क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने व्हिएन्नात वेखंड लावलं. युरोपातल्या वेखंडात गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ते बीच धरत नाही. तरी नद्या-तळ्यांच्या काठाने ते पसरलं, निव्वळ गड्ड्यांच्या तुकड्यांवर. कॉपी-पेस्टचा जुना उस्ताद!

अमेरिकेत तर थेट साहित्यात. वॉल्ट व्हिटमनने १८६० साली आपल्या कवितांच्या एका अख्ख्या गुच्छाला वेखंडाचंच नाव दिलं. आपल्याकडेही त्याचं पुस्तकांशी नातं आहे, पण पहारेकऱ्याचं: जुन्या पोथ्यांच्या बासनात वेखंडाचे तुकडे ठेवत, कसर लागू नये म्हणून.

एक पान चुरगाळा. गोडसर, तिखट, नाकात शिरणारा वास! पान तलवारीसारखं, आणि एक कड बारीक चुण्या घातल्यासारखी. गड्डा बोटाएवढा जाड, तांबूस, अंगावर वळ्याच वळ्या.

आता जरा सिरियस. १९६८ साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. कारण बीटा-असारोन. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यामुळे आतड्यात गाठी झाल्या होत्या, आणि आपल्याकडच्या बऱ्याच वेखंडात तो भरपूर असतो. त्यात जास्त झालं की उलट्या. म्हणून घरी लावा, वास घ्या, कपाटात ठेवा. पण तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वळसासुद्धा चाटवू नका. पहिले सहा महिने आईचं दूध, बस्स!

साधारण वर्षभरात पानं पिवळी पडू लागली की गड्डा काढा, धुवा, तुकडे करून सावलीत वाळवा. कोंबाचा एक तुकडा परत बादलीत, की पुढच्या वर्षीचा स्टॉक तयार.

आणि हो, वाण्याकडचं वाळलेलं वेखंड लावू नका, ते फुटत नाही. नर्सरीत ओलं, कोंबाचं मागा. पावसाच्या तोंडावर.