टिपाडातला डास आणि गटारावरचा धूर

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात डेंग्यूचा रुग्ण सापडला की पुढचे दोन दिवस काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सकाळी ग्रामपंचायत गटार उपसते आणि संध्याकाळी धुराचं यंत्र गल्लीतून घरघरत जातं. पोरं धुरामागे पळतात, मोठी माणसं दारं-खिडक्या लावून घेतात आणि ‘फवारणी झाली’ म्हणून गाव निर्धास्त होतं. गटार काढायला हरकत नाही, ते एरवीही काढलंच पाहिजे. पण डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा डास गटारात जन्मत नाही, आणि धूर गल्लीतून जातो तेव्हा तो गल्लीत नसतो. त्याचा जन्म न्हाणीतल्या टिपाडात होतो आणि दारं लावून घेतलेल्या घरात तो खुंटीवरच्या कपड्यांआड बसलेला असतो.

या डासाचं नाव एडिस इजिप्ती. अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असल्यामुळे तो सहज ओळखू येतो. त्याला साठवलेलं, स्थिर आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. गटारात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. हिवतापाचा अॅनोफिलीस रात्री चावतो. एडिस मात्र दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि दिवस मावळण्याआधी जास्त. म्हणून ‘आम्ही रात्री मच्छरदाणीत झोपतो, आम्हाला डेंग्यू कसा होईल’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. मच्छरदाणी हवी, पण दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळाला आणि तापाने पडलेल्या माणसाला. तापातल्या माणसाला कशासाठी, ते पुढे येईलच.

‘पाऊसच नाही, तर डास येणार कुठून?’ दुष्काळी भागात हा प्रश्न अगदी रास्त वाटतो, आणि माझ्या मते इथला सगळ्यात महागात पडणारा गैरसमजही हाच. साथीचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत वाढतो, हे खरं. पण एडिसला आभाळातलं पाणी लागत नाही, भांड्यातलं चालतं. आणि भांड्यात पाणी भरून ठेवण्याची वेळ ज्याच्यावर आली नाही, असा माणूस बीड जिल्ह्यात शोधावाच लागेल. नळाला पाणी रोज येत असेल तर घरात एक कळशी पुरते. ते आठवड्याने किंवा पंधरवड्याने येत असेल, टँकरच्या खेपेवर घर चालत असेल, तर टिपाड, रांजण, सिमेंटचा हौद, प्लास्टिकची टाकी, बादल्या, घागरी असं घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं लागतं. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात आष्टी, पाटोदा, शिरूर कासारपासून केजपर्यंत बायकांनी याच टिपाडांवर दिवस काढले. टिपाड कधी पूर्ण रिकामं होत नाही. तळाशी चार बोटं पाणी उरलेलं असतानाच टँकर येतो आणि जुन्यावर नवं पाणी ओतलं जातं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाण्याची पाळी त्याहून लांबली की डासाला पूर्ण मुदत मिळाली म्हणून समजा. दुष्काळाने इथे डासाला उपाशी मारलं नाही, उलट घरातच आणून ठेवलं.

अशा टंचाईच्या मुलखात ही साथ किती पसरू शकते, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. बीडच्या दक्षिणेकडची माणसं आजही दवाखान्यासाठी बार्शीला जातात, इतकं ते गाव जवळचं. त्या साथीचा शास्त्रीय अभ्यास झाला. आजारी पडलेल्यांचं प्रमाण ३७.५ टक्के निघालं, म्हणजे आठातले तीन. त्यानंतर तीसहून अधिक वर्षं देशात चिकुनगुनियाची मोठी साथ आली नाही आणि लोक त्याला विसरले. २००५ च्या अखेरीस तो आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात परतला. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यात महाराष्ट्राचे अडीच लाखांहून अधिक होते आणि मराठवाडाही या साथीतून सुटला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू तपासला, तेव्हा १९७३ च्या वेळचा आशियाई प्रकार जाऊन आफ्रिकी प्रकार आल्याचं दिसलं. पण नुसत्या नव्या प्रकाराने एवढी पडझड झाली नसती. मधल्या काळात एक अख्खी पिढी अशी जन्मली होती की जिच्या रक्तात या विषाणूविरुद्ध काहीच तयारी नव्हती. चिकुनगुनिया एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, म्हणून साथ आली की ती घरंच्या घरं आडवी करते आणि मग वर्षानुवर्षं दबून राहते. साथ दबली याचा अर्थ विषाणू मेला असा नव्हे.

त्याच २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला होता. पाठोपाठ चिकुनगुनिया आला आणि दोन्ही गोष्टींचं लोकांच्या डोक्यात एकच झालं. ‘चिकन खाल्ल्याने चिकुनगुनिया होतो’ असं सांगणारे अजून भेटतात. त्याचा कोंबडीशी काडीचाही संबंध नाही. १९५२ साली टांझानियात त्याची साथ पहिल्यांदा अभ्यासली गेली, तेव्हापासून माहीत आहे की तो एडिसच्याच चाव्याने पसरतो. कोंबडी खुशाल खा.

आता पाण्याकडे परत. ‘टिपाड रिकामं करून परत भरलं, आता काळजी नाही’, असं बरेच जण मानतात. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या काठाशी भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. एका वेळी शंभराच्या आसपास. ती काळी, खसखशीहून बारीक असतात आणि पाणी आटलं तरी मरत नाहीत. सुकलेल्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. उन्हाळ्यानंतर माळ्यावर टाकलेला कूलर पुढच्या वर्षी भरला की त्यात अळ्या दिसतात, त्या कुठून आल्या याचं उत्तर हे. म्हणून भांडं नुसतं ओतून भागत नाही, आतून काथ्याने किंवा ब्रशने घासावं लागतं.

आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायला सांगतं, त्यामागचं शास्त्र हेच. शास्त्र बरोबर आहे, पण सल्ला मात्र रोज पाणी येणाऱ्या शहराच्या मापाने शिवलेला वाटतो. टँकरच्या रांगेत दोन तास उभं राहून आणलेलं पाणी ओतून द्या, असं सांगणाऱ्याला केज-धारूरची बाई उंबऱ्याच्या आत घेणार नाही, आणि तिचं काही चुकत नाही. तिला पाणी टाकून द्यायला सांगायचंच नाही. पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळायचं. फडक्यावर राहिलेल्या अळ्या उन्हात कोरड्या मातीवर झटकायच्या, तिथे त्या काही वेळात मरतात. रिकामं झालेलं टिपाड घासायचं आणि तेच पाणी परत त्यात भरायचं. वर जुन्या लुगड्याचं किंवा धोतराचं फडकं ताणून सुतळीने घट्ट बांधायचं. नुसतं ताट झाकून चालत नाही, डासाला आत जायला बोटभर फट पुरते. पाळी लांबली तर हे आठवड्याला एकदा. यात पाणी वाया जात नाही आणि पैसाही लागत नाही.

हौद मोठा असेल, गाळणं शक्य नसेल, तर आशाताई किंवा आरोग्य सेवक अॅबेट टाकतात. ‘पाण्यात विष टाकलं’ म्हणून अनेक घरांत ते लगेच उपसून टाकलं जातं. अॅबेट म्हणजे टेमेफॉस. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत ते पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातही वापरायला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. वास येतो, तेवढं सोसावं. गप्पी मासे हौदाला आणि आडाला उत्तम, टिपाडात त्यांचा उपयोग नाही. आणि उन्हाळ्यात पाखरांसाठी ठेवलेलं पाणी, पंक्चरच्या दुकानाबाहेरचे टायर, फ्रिजमागचा ट्रे यांचीही आठवड्याला फेरी घ्यावी. पाखरांचं पाणी बंद करू नका, रोज बदला.

धुराबद्दल थोडक्यात. धूर फक्त उडत्या डासाला लागतो, अंड्याला आणि अळीला त्याचं काही होत नाही. त्यातून एडिस घरात दडलेला आणि घराची दारं बंद. साथ पेटलेली असताना घराच्या आत केलेल्या फवारणीला अर्थ आहे. पण एरवीचा गल्लीतला धूर म्हणजे काम झाल्याचा देखावा, आणि सरपंचाला तो सोयीचा असतो, कारण तो दिसतो. फडकं बांधलेल्या टिपाडाचा फोटो कुणी टाकत नाही.

‘गावात हा रोग नव्हताच, मग आला कसा?’ एडिस फार लांब उडत नाही. त्याचा जन्म बहुतेक एकाच वाड्यात किंवा शेजारच्या दोन-चार घरांत सरतो. विषाणू गावोगाव नेतो माणूस. डेंग्यूची लागण झालेल्या चारांतल्या सुमारे तिघांना ताप येतच नाही किंवा अगदी किरकोळ येतो, तरी डासाने त्यांना चावल्यावर विषाणू पुढे जाऊ शकतो. जिल्ह्यातले लाखो लोक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात, कोपीबाहेर टिपाड भरून ठेवतात आणि हंगाम संपला की परततात. पुण्यात कामाला असलेली पोरं दिवाळीला गावी येतात, नेमकी साथीच्या भरात. दोष कुणाचाच नाही. पण ताप आलेला माणूस पहिले पाच-सहा दिवस डासाला विषाणू देत असतो, आणि तो डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला. म्हणून त्याला दिवसा मच्छरदाणी.

आता आजारपणाकडे. ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा प्लेटलेटबद्दल बोलत असतो, आणि त्या आकड्यामागे घर वेडं होतं. प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी संभाजीनगरपर्यंत गाड्या धावतात. डेंग्यूत प्लेटलेट उतरतातच आणि बहुतेकांच्या आपोआप चढतात. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत पिशवी देऊ नये, असं राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. जीव जातो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे. त्यासाठी लघवी, नाडी, रक्तदाब आणि रक्ताचा दाटपणा पाहणारा डॉक्टर लागतो. पपईच्या पानांच्या रसाने आकडा थोडा चढल्याचं काही लहान अभ्यासांत दिसलं, पण त्याने जीव वाचतो याला पुरावा नाही. शेळीच्या दुधाला तर तेवढाही आधार नाही, आणि कच्चं प्यायलं तर ब्रुसेलोसिसची भीती वेगळीच.

‘ताप उतरला, सुटलो’ हा सगळ्यात घातक समज. डेंग्यूतला धोक्याचा काळ ताप उतरतानाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, आणि तो एक-दोन दिवस टिकतो. पोटात जोराचं दुखणं, न थांबणारी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, लघवी कमी होणं, माणूस सुस्त किंवा बेचैन होणं, यातलं एकही दिसलं तर थेट बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा. तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, मग ते दुकानातून घेतलेलं असो की सुईतून. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही.

‘एकदा होऊन गेला, आता भीती नाही’ हे चिकुनगुनियाला लागू आहे, डेंग्यूला नाही. त्याचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या वेळी वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. लस येतेय म्हणून थांबण्यातही अर्थ नाही. भारतीय बनावटीच्या डेंग्यू लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, दहा हजारांहून अधिक लोकांवर.

पुढच्या ग्रामसभेत धुराच्या यंत्राचा विषय निघाला तर मंजुरीआधी एक काम करून घ्या. गावात फडकं न बांधलेली टिपाडं किती, हे आशाताईंना घरोघर मोजायला सांगा आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.