गोणपाटावर शिवलेली साक्ष

चिलीतली जुनी आर्पियेरा, म्हणजे गोणपाटावर चिंध्या जोडून शिवलेलं चित्र, लांबून पाहिली तर शाळकरी मुलीचं हस्तकाम वाटतं. वर सूर्य, खाली आंदीज पर्वताची रांग, रंगीत घरं, चिंध्यांच्या इवल्या बाहुल्या. जवळ गेलं की बाहुल्यांच्या हातातले फोटो दिसतात आणि शिवलेला प्रश्न वाचता येतो : 'कुठे आहेत ते?'

११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशेने सत्ता बळकावली. माणसं घरातून उचलली जाऊ लागली. तुरुंग आणि शवागारं पालथी घालूनही त्यांचा पत्ता लागेना. त्यांच्या बायका-आयांना चर्चच्या आधाराने १९७४पासून शिवणकाम मिळालं. १९७६मध्ये कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' ही चर्चची मदतसंस्था स्थापन केली आणि हा व्याप तिने सांभाळला. कमावता माणूस नाहीसा झालेला. पहिला प्रश्न पोटाचाच होता.

पिठाचं पोतं धुऊन त्याचे चार-सहा तुकडे करायचे. आधी डोंगर, रस्ते, घरं जोडायची, मग माणसं. डोकं कापूस-चिंध्या भरून फुगवलेलं, नाक-डोळे दोऱ्याचे, कडेला लोकरीचा काठ. गोधडी शिवणाऱ्या आपल्याकडच्या आजीला यातलं काहीच नवं वाटणार नाही. मात्र आर्पियेराच्या चिंधीत कधी कधी बेपत्ता नवऱ्याचा सदरा असे. काही तुकड्यांच्या पाठीला छोटा खिसा, त्यात हकिगतीची चिठ्ठी.

विषय त्या आपसात बोलून ठरवत : बंद कारखाना, वस्तीतली सामुदायिक चूल, तोडलेलं पाणी, विजेच्या तारेवर टाकलेला आकडा. १९७८ साली लोन्केनच्या चुनाभट्टीत १५ बेपत्ता माणसांचे अवशेष सापडले. ती भट्टीही कापडावर आली.

शिवण ढिसाळ असेल तर काम परत येई. शेवटी माल विकायचा होता, तोही परदेशात. देशात तो उघडपणे मांडणं धोक्याचं होतं. बायकांचं भरतकाम कोण गंभीरपणे घेणार, हा समज सुरुवातीला त्यांच्या पथ्यावर पडला. गठ्ठे बाहेर गेले, निर्वासित चिलीवासीयांनी त्यांची प्रदर्शनं भरवली. मग मात्र सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रांनी या कापडांवर देशाच्या बदनामीचा ठपका ठेवला. भोळं दिसणारं हे चित्र भोळं नव्हतं, हे त्यांनाही कळलं होतं.

पिनोशे मार्च १९९०मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून गेला. कित्येक आर्पियेरा आता सान्तियागोच्या स्मृती व मानवाधिकार संग्रहालयात आहेत. बेपत्तांपैकी हजाराहून अधिक जणांचे अवशेष अद्याप मिळालेले नाहीत. त्यांच्या शोधाची राष्ट्रीय योजना सरकारने जाहीर केली ती २०२३ साली.